गाडीतील पिवळा दिवा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने चार शब्द बोलावेत अशी आपल्या मंडळाची रीत आहे. आजवर लोणची-पापड झाले, बाळाचे संगोपन झाले, घरखर्चाची बचत झाली. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि वर म्हणाल्या, "तुम्ही गाडीवर बोला." मी म्हटले, "अहो, माझी शाळा सातवीपर्यंतची. मला गाडी चालवतासुद्धा येत नाही." त्या म्हणाल्या, "चालवता येत नसेल, पण गाडीचे दुखणे तुमच्यामुळे सापडले ना? तेवढेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

हा विषय बायकांचा नाही असे कोणी म्हणेल. पण आपल्या खंडाळा तालुक्याकडे पाहा. पुणे-सातारा रस्ता दारावरून जातो. शिरवळला कारखाने आहेत, लोणंदला कांद्याचा बाजार आहे. कितीतरी घरांत एखादी डिझेलची गाडी आहे आणि तिच्यावर घर चालते. ती गाडी बंद पडली की पहिली झळ चुलीला लागते आणि दुसरी आपल्या अंगावरच्या दागिन्याला. मग तिचे दुखणे आपल्याला थोडे तरी कळायला नको का?

आमच्या थोरल्याने २०१९ साली कर्ज काढून एक जुनी सात जणांची डिझेल गाडी घेतली. गाडी २०१६ सालची. शिरवळच्या कारखान्यातील कामगारांची ने-आण करावी, मधल्या वेळात कोणाला सातारला दवाखान्यात न्यावे, लग्नसराईत वऱ्हाड न्यावे, असे त्याचे चालले होते. हप्ता वेळेवर जात होता. मुलगा निर्व्यसनी, गाडी रोज पुसून ठेवणारा. आम्हांला समाधान होते.

२०२२ सालचा श्रावण होता. जाऊबाईंना घेऊन आम्ही सातारला निघालो. त्या वेळी इकडून सातारला जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागे आणि येताना बोगद्यातून यावे लागे. घाटाची दोन-तीन वळणे झाली आणि गाडीचा दम एकाएकी गेला. पोराने पाय दाबला तरी गाडी ओढेना. समोरच्या काचेखाली इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. मागून ट्रकवाले भोंगे वाजवू लागले. कशीबशी कडेला घेतली. पोराने चावी फिरवून गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली, आणि काय नवल, गाडी पहिल्यासारखी धावू लागली! दिवा मात्र तसाच जळत राहिला.

घरी आल्यावर आमच्या मालकांनी पोरालाच धारेवर धरले. "तूच गाडी दामटतोस. कुठल्या तरी पंपावर कसलेही डिझेल भरतोस." पोरगा खाली मान घालून गप्प बसला. भगिनींनो, ही आपल्या घरांतली जुनी खोड आहे. दूध नासले की सून वेंधळी, मूल आजारी पडले की आई निष्काळजी. तसेच गाडीचा दिवा लागला की ड्रायव्हर वाईट. कारण शोधण्यापेक्षा माणूस शोधणे सोपे जाते.

पहिल्या मिस्त्रीने डिझेलचा फिल्टर बदलला आणि यंत्र लावून दिवा पुसला. चार दिवसांनी घाटात पुन्हा तेच. दुसऱ्याने चारही इंजेक्टर काढून नीट करून आणले. अठरा हजार रुपये गेले. मग आठवडाभर दिवा लागला नाही. आम्ही देवापुढे नारळ फोडला. पण त्या आठवड्यात गाडी नुसती शिरवळलाच जात-येत होती, घाट एकदाही चढली नव्हती, हे कोणाच्याच ध्यानी आले नाही. पुढच्या सोमवारी सातारचे भाडे मिळाले आणि घाटात पुन्हा दिवा! तिसऱ्याने यंत्र लावून पाहिले आणि सांगितले, "टर्बो गेला. पंचेचाळीस हजार लागतील."

मधल्या काळात चार वेळा गाडी कामगारांना घ्यायला उशिरा पोचली. कारखान्याचे काम दुसऱ्याला गेले. त्या रात्री पोरगा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, गाडी विकून टाकू. मी कुठं तरी हेल्परीला लागतो. आप्पा म्हणतात तसंच असंल, मलाच गाडी नीट चालवता येत नसंल." हे ऐकून माझ्या पोटात तुटले. गाडी गेली असती तर पुन्हा घेता आली असती. पण पोराचा स्वतःवरचा विश्वास गेला असता तर तो कोठून विकत आणायचा?

माझ्या लग्नातल्या दोन पाटल्या मी रुमालात बांधून ठेवल्या होत्या. सकाळी मालकांना म्हटले, "पाटल्या गहाण ठेवा, माझी ना नाही. पण आधी आठ दिवस मला गाडीत बसू द्या." ते हसले. पण नाही म्हणाले नाहीत.

आपण घरात मुलाला ताप आला की काय करतो? केव्हा चढला, केव्हा उतरला, काय खाल्ले होते, हे ध्यानात ठेवून डॉक्टरांना सांगतो. डॉक्टरही आधी तेच विचारतात. मी म्हटले, गाडीचेही तसेच करून पाहू. भिंतीवरचे कॅलेंडर काढले आणि त्याच्या रोजच्या चौकोनात पेन्सिलीने लिहू लागले. कोठे गेलो, किती माणसे होती, चढ की सपाट, दिवा केव्हा लागला, धूर कोणत्या रंगाचा, आवाज कसला आला. आठ दिवसांत सहा खेपा झाल्या. शेवटी सगळे एकत्र वाचले तेव्हा असे दिसले:

शिरवळच्या तीन खेपांत, सपाट रस्त्यावर, दिवा एकदाही लागला नाही. सातारच्या तिन्ही खेपांत घाट चढताना लागला, येताना एकदाही नाही. गाडीत माणसे जास्त असली की लवकर लागला. दिवा लागण्यापूर्वी मागे काळा धूर आला. आणि दर वेळी पुढून, कोणी दातांतून श्वास सोडावा तसा सूं सूं आवाज आला. पोराला वाटे तो वाऱ्याचा आवाज आहे. पण मी खिडकी बंद करून ऐकला होता.

आमच्या ओळखीत एक वृद्ध मिस्त्री आहेत. उभी हयात मोठ्या डिझेल गाड्यांच्या दुरुस्तीत गेलेली. आता हात थरथरतात म्हणून काम सोडले आहे. त्यांच्याकडे गाडी आणि कॅलेंडर दोन्ही घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून कॅलेंडर दोनदा वाचले आणि म्हणाले, "सूनबाई, निम्मं काम तुम्हीच करून आणलंय की."

मग त्यांनी आम्हांला समजावून सांगितले. ते मी माझ्या शब्दांत सांगते.

डिझेलच्या इंजिनात पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी नसते. आत घेतलेली हवा इतकी दाबतात की ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते. आजच्या गाड्यांत ती आपल्या मूळ जागेच्या साधारण सोळाव्या-सतराव्या हिश्शात कोंबली जाते. त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनीअराने १८९७ साली असले इंजिन चालवून दाखवले. त्याचेच नाव तेलाला पडले. आणि ही विद्या आपल्याला परकी नाही बरे का! आपल्याच जिल्ह्यात सातारारोडला कूपर यांच्या कारखान्यात १९३० नंतरच्या काळात डिझेल इंजिने होऊ लागली. शेजारच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. त्या किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यास ऑईल इंजिनांचा कारखाना काढला. त्याच घराण्याने १९३० साली बायकांसाठी 'स्त्री' मासिक सुरू केले होते. तेव्हा इंजिन आणि बाईमाणूस यांची गाठ आपल्या भागात जुनीच म्हणायची.

तर इंजिनाला दोन गोष्टी लागतात, तेल आणि वारा. चुलीचेच पाहा ना. फुंकणी मारली नाही, वारा कमी पडला, की काळा धूर होतो. लाकूडच नसेल तर धूर नाही आणि जाळही नाही. गाडीची ओढ गेली आणि मागे काळा धूर असेल, तर बहुधा वाऱ्याची उपासमार. धूर नसता ओढ गेली, तर बहुधा तेलाची उपासमार, म्हणजे फिल्टर चोंदला, डिझेलमध्ये पाणी आले किंवा पंपाचा दाब उतरला. एवढ्या एका गोष्टीने निम्म्या वाटा बंद होतात. आमच्या गाडीला काळा धूर होता, आणि आम्ही पैसे घातले तेलाच्या वाटेवर! फिल्टर आणि इंजेक्टर दोन्ही तेलाकडचे.

इंजिनाची फुंकणी म्हणजे टर्बो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर त्याचे चाक फिरते आणि ते चाक हवा दाबून आत ढकलते. ती हवा रबराच्या जाड होज पाईपातून जाते. सपाट रस्त्यावर हा दाब थोडाच असतो. चढावर तो वाढतो, आपल्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी असतो साधारण तेवढा होतो. पाईपाला कोठे चीर असेल तर सपाटीवर ती मिटून राहते आणि चढावर तोंड उघडते. हवा बाहेर, म्हणून सूं सूं. वारा कमी, म्हणून काळा धूर. दाब भरत नाही हे गाडीतल्या संगणकाला कळते. इंजिनाला इजा होऊ नये म्हणून तो दिवा लावतो आणि गाडीला मुद्दाम लंगडी चालवतो. चावी बंद करून पुन्हा लावली की तो पुन्हा नव्याने पाहू लागतो. म्हणून गाडी बरी झाल्यासारखी वाटते.

मिस्त्रींच्या नातवाकडे आगपेटीएवढी एक डबी होती. स्टिअरिंगखाली सोळा भोकांची एक खाच असते, तीत ती बसवली आणि मोबाईलवर आकडा आला, पी ०२९९. त्याचा अर्थ एवढाच की टर्बोचा दाब हवा तितका भरत नाही. आकड्याबरोबर दिवा लागला त्या क्षणीची नोंदही गाडी ठेवते, इंजिनाच्या फेऱ्या किती, वेग किती, भार किती. ती नोंद माझ्या कॅलेंडराशी जुळली. आधीच्या दोघांनी दिवा पुसला तेव्हा ही साक्षसुद्धा दर वेळी पुसून टाकली होती. आणि तिसऱ्याने हाच आकडा पाहून "टर्बो गेला" असे सांगितले होते. आता पाहा, आकड्याने दाब कमी एवढेच म्हटले होते. टर्बो गेला असे आकड्याने म्हटलेच नव्हते. कुकरची शिट्टी होत नसेल तर आपण आधी रबर पाहतो की नवा कुकर आणतो?

मिस्त्रींनी इंजिन बंद ठेवून हवेच्या वाटेचे एक तोंड बांधले आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने बेताबेताने हवा भरली. मग मला म्हणाले, "जरा साबणाचं पाणी आणा." गॅसची नळी गळते का हे आपण जसे पाहतो, तसेच. पाईपावर साबणपाणी लावत गेले. एका क्लिपेच्या आत, वरून न दिसणाऱ्या जागी, फुगे आले. तेथे तेलकट धूळही चिकटली होती. वीतभर पाईपाला बोटाच्या पेराएवढी चीर! नवा पाईप आणि दोन क्लिपा मिळून दोन हजारांच्या आत खर्च आला. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही, म्हणून पोराच्या आईने पुरणपोळ्या पोचवल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी भरून माणसे घेतली आणि खंबाटकी चढलो. आमचे मालक पुढे बसले होते. वरपर्यंत दिवा लागला नाही. वर पोचल्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरले, पोराच्या बाजूला गेले आणि म्हणाले, "माझं चुकलं बाबा." आमच्या बावीस वर्षांच्या पोराच्या डोळ्यांत पाणी आले. बापाने लेकाची माफी मागितलेली मी पहिल्यांदाच पाहिली. गेलेले अठरा हजार परत आले नाहीत, कारखान्याचे कामही परत आले नाही. पण पोरगा गाडी विकायचे पुन्हा बोलला नाही, आणि माझ्या पाटल्या या पाहा, हातात आहेत.

आता भगिनींनो, यातून जे शिकले ते थोडक्यात सांगते. घरी जाऊन सांगा.

लाल दिवा आणि पिवळा दिवा यांत मोठा फरक आहे. तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला तर तेथेच गाडी थांबवून इंजिन बंद करावे. एक मैलसुद्धा पुढे नेऊ नये, इंजिन जळून जाते. उष्णतेचा लाल दिवा लागला तरी थांबावे आणि गरम रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये, वाफेने तोंड भाजते. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडीचा आवाज, वास, उष्णता ठीक असेल, तर हळूहळू घरी किंवा मिस्त्रीकडे न्यावी. तो लुकलुकत असेल तर जड ओझे आणि चढ टाळून लवकर दाखवावी.

पिळदार तारेचा पिवळा दिवा डिझेल गाडीत सुरुवातीला लागून विझतो, ती आत गरम करण्याची सोय आहे. तो विझल्यावर गाडी सुरू करावी. काही गाड्यांत तोच दिवा चालताना लुकलुकला तर इंजिनात बिघाड समजावा.

धुराचा रंग पाहावा. काळ्याचे सांगितले. निळा धूर म्हणजे इंजिनाचे वंगणतेल जळत आहे. थंडीत सुरुवातीचा थोडा पांढरा धूर निघून जातो. पण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले, तर ते पाणी आत जळत असण्याचा संभव आहे.

डिझेलमध्ये पाणी आल्याचा दिवा काही गाड्यांत असतो. तो लागला तर तशीच गाडी दामटू नये. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी काढून घ्यावे लागते.

ज्यांच्या घरी १ एप्रिल २०२० नंतरची, बी.एस. सहा नियमाची डिझेल गाडी आहे, त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. या गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक गाळणी असते. सलग चालल्यावर ती गाळणी सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापून साचलेली काजळी जाळून टाकते. पण गाडी नुसती शाळा, बाजार आणि घर अशी दोन-दोन किलोमीटर फिरली तर ती तापतच नाही. काजळी साचते, दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केले तर गाडी ओढणे सोडते. दिवा नुसता लागला असेल तर गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोठ्या रस्त्यावर एका लयीत पंधरा-वीस मिनिटे चालवावी, मध्ये बंद करू नये. बहुधा दिवा जातो. नाही गेला तर दाखवावी. अशा गाडीत वंगणतेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नये, त्यात डिझेल मिसळत असते.

आणि सगळ्यांत मुख्य, मिस्त्रीला तीन गोष्टी विचाराव्यात. आकडा कोणता आला, तो कागदावर लिहून द्या. दिवा पुसण्यापूर्वी त्या क्षणीची नोंद दाखवा. आणि हाच भाग खराब आहे हे कशावरून, ते मला दाखवा. चांगला मिस्त्री रागावत नाही, उलट खुशीने दाखवतो. दिवा पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. ताप मोजायचे काचेचे नळकांडे फोडले म्हणून ताप उतरत नाही.

एक शेवटचे सांगते आणि बसते. आपल्या याच खंडाळा तालुक्यातील नायगावला ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. त्यांनी आणि जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. आपल्यापैकी पुष्कळजणी म्हणतात, सातवी शिकून काय उपयोग झाला, चूल काही चुकली नाही. मीही तसेच म्हणत असे. पण त्या आठ दिवसांत कॅलेंडरच्या चौकोनात मी पेन्सिलीने चार-चार ओळी लिहिल्या, आणि त्या ओळींनी माझ्या मुलावरचा आळ पुसला. मला लिहिता आले नसते तर पाटल्या गेल्या असत्या आणि चीर तशीच राहिली असती. म्हणून ज्यांनी आपल्या हाती पाटी-पेन्सिल दिली त्या माऊलीला नमस्कार करते. घरात काहीही बिनसले, गाडी असो की माणूस, आधी दोष देऊ नका. पाहा, ऐका, आणि लिहून ठेवा.